आधी बोल, मग बघ

घरात कुणी नवं बाळ घेऊन आलं की बाकीच्या बायका नाक कुणावर गेलंय आणि कपाळ कुणावर, यावर हुज्जत घालत. माझी आत्या बाळाला दोन्ही हातांवर घ्यायची, एकदा जरा वर, एकदा जरा खाली करायची आणि सांगायची, "तीन किलो सहाशे. दुपट्यासकट." एका नव्या आईला याचा इतका राग आला की तिनं बाळ हातातून हिसकावूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाळ भरलं तीन किलो चारशे. दुपटं दोनशेचं. ती बाई पुढे सहा वर्षं आत्याशी बोलली नाही, आणि आत्याला बिचारीला त्यात काय बिघडलं ते कधीच समजलं नाही. "मी काय कमी सांगितलं का?" असं ती आम्हालाच विचारायची.

तिच्या हाताला वजन कळायचं, कारण तिचा धंदाच तो होता. आत्या काटे दुरुस्त करायची. आजोबांचं दुकान होतं, पुढे एक खोली, मागे एक खोली. पुढच्या खोलीत छताला तराजू टांगलेले असत, भिंतीला टेकून वखारीतले मोठे प्लॅटफॉर्म काटे उभे असत, आणि सगळीकडे तेलाचा आणि पितळ घासायच्या पावडरीचा वास. दरवर्षी सरकारी निरीक्षक येऊन प्रत्येक दुकानदाराच्या काट्यावर शिक्का मारायचा. त्याआधी काटा बरोबर करून घ्यायला लोक आजोबांना बोलवायचे. आजोबांचे गुडघे गेल्यावर आत्याला बोलवायला लागले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पहिल्या वर्षी लोक तिच्या मागे दाराकडे बघत राहायचे, खरा माणूस कधी येतोय म्हणून. दुसऱ्या वर्षापासून तिला 'काटेबाई' म्हणायला लागले.

लहान काट्यांसाठी मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं पुरत. मोठ्या काट्यांसाठी मात्र वीस-वीस किलोची चार लोखंडी वजनं न्यावी लागत, वर पकडायला कडी असलेली. हातगाडीवर घालून आत्या ती दारापर्यंत न्यायची, पण दारापासून काट्यापर्यंत हातानंच. आणि दुकानदारांना काटा ठेवायला नेहमी अशीच जागा सुचते जिथे माणूस पोचू नये. लोखंडाच्या दुकानात तारेच्या भेंडोळ्यांवरून हात लांबवून वजन ठेवायला लागायचं. बर्फाच्या कारखान्यात खाली ओली फरशी. कागदाच्या गोदामात दोन गठ्ठ्यांच्या मध्ये इतकी कमी जागा की गुडघे वाकवायचीही सोय नाही. एका ठिकाणी तर काटा जिन्याच्या खाली, म्हणजे डोकं वाचवायचं की पाठ, हे ठरवूनच आत शिरायचं.

"लोखंड तेच असतं गं," ती म्हणायची. "पण दुकान बदललं की उचलणं बदलतं. वीस किलोचं तेच ते वजन मी हजार तऱ्हांनी उचललंय. एकाही तऱ्हेनं पाठ दुखली नाही, कारण पाठीला एकाही तऱ्हेची सवय लागू दिली नाही."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं महाभारत यावरच झालं.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना एका व्यायामशाळेतला माणसं तोलायचा काटा बिघडला. आत्या गेली, आपली चार वजनं एकेक करून काट्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. तिथले दांडगट बाजूला उभे राहून बघत होते. त्यातल्या एकानं मस्करी केली, "बाई, हे पण जरा ठेवता का जागेवर?" आणि जमिनीवर पडलेल्या, दोन्ही टोकांना लोखंडी प्लेटा लावलेल्या साठ किलोच्या दांड्याकडे बोट दाखवलं. आत्याला मस्करी कळत नसे. तिला वाटलं, खरंच ठेवायचाय. तिनं तो उचलला, खांद्यावर घेतला आणि विचारलं, "कुठे?"

व्यायामशाळेच्या वस्तादांनी तिला चहा पाजला आणि विचारलं, "कुणाकडे शिकलात?" ती म्हणाली, "काटे दुरुस्त करते." ते म्हणाले, "ते नव्हे हो, हे कुणाकडे शिकलात?" ती म्हणाली, "तेच."

तेव्हा बायकांच्या वजन उचलायच्या स्पर्धा नव्हत्या. सुरू झाल्या तेव्हा आत्या चाळिशीला आली होती. मी चौदा वर्षांची होते, बुटकी होते, आणि शाळेत कुणी बुटकी म्हटलं की हात उगारायची मला खोड होती. आत्या मला 'बुटके' म्हणूनच हाक मारायची. तिच्यावर कधी हात उगारला नाही, एवढं माझं शहाणपण.

दुकानाची मागची खोली तिनं माझ्यासाठी रिकामी केली. जुन्या फळ्या ठोकून एक चौथरा केला. व्यायामशाळेनं टाकून दिलेले आणि भंगारवाल्याकडे मिळालेले असे चार दांडे जमवले. प्रत्येकाला नाव होतं. जाड्या हातात मावायचा नाही. लचक्या वर येताना स्प्रिंगसारखा झुलायचा. वाकड्या मधे बोटभर वाकलेला होता आणि हातात आपोआप फिरायचा. गुळगुळीत्याची पकडायची खरखर घासून घासून गेली होती, तो घामानं निसटायचा. चारही नीट असते तर आत्यानं बहुतेक दोन मुद्दाम बिघडवले असते.

आज जाड्या, उद्या लचक्या. आज तोंड भिंतीकडे, उद्या खिडकीकडे. कधी फळ्यांवर गोधडी अंथरायची, कधी बूट काढायला लावायची, कधी दांडा जमिनीवरून, कधी गुडघ्यापासून, कधी मधेच "थांब" म्हणून ओरडायची आणि मी ओणवी तशीच थिजायची. कधी डोळे मिटून. कधी एका बाजूला अर्धा किलो जास्त, न सांगता. एकच उचल लागोपाठ दोनदा करायची नाही, हा नियम.

आणि दुसरा नियम खोळींचा. घरातल्या जुन्या उशांचे अभ्रे उसवून तिनं लोखंडी प्लेटांना खोळी शिवल्या होत्या, म्हणजे वरचा आकडा दिसू नये. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, ती दांडा भरायची, मग मी वळून उचलायची, खाली ठेवायची, आणि खोळ काढायच्या आधी किती ते सांगायचं.

"आधी बोल, मग बघ."

एका किलोहून जास्त चुकले तर त्या दिवशी दुकान झाडायचं. पहिलं वर्षभर दुकान इतकं स्वच्छ होतं की आजोबांनी सुपारी ठेवली तरी ती हरवत नसे. दुसऱ्या वर्षी कचरा साठायला लागला. माझ्या तळव्यांना, मनगटांना, पोटऱ्यांना आकडे यायला लागले. "सत्तेचाळीस." खोळ निघायची. सत्तेचाळीस. त्या वेळी आत्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी पुढे कुठल्याही बक्षीस समारंभात पाहिलं नाही. मला ते दिवस अजून आठवतात. संध्याकाळी चार ते सहा. खिडकीतून येणारं ऊन फळ्यांवर तिरपं पडायचं, पुढच्या खोलीतले तराजू वाऱ्यानं जरा जरा हलायचे, आणि आत्या खाली बसून, डोकं एका बाजूला कलतं करून माझे पाय बघायची.

माझे बाबा छापखान्यात खिळे, म्हणजे खणांत ठेवलेली शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे वेडेपणा वाटायचा. "ताई, माझ्या हाताला डोळे मिटून अक्षर सापडतं," ते म्हणायचे, "कारण खण जागचा हलत नाही. तू रोज खणच हलवतेस. पोरगी शिकणार कधी?"

"तुझे खिळे उठून पळत नाहीत," आत्या म्हणायची. "दांडा पळतो."

बाबांसारखंच मत मैदानाजवळच्या मोठ्या व्यायामशाळेतल्या सरांचं होतं. आम्ही त्यांना 'पाटीवाले सर' म्हणायचो. त्यांच्या भिंतीवर भलीमोठी काळी पाटी होती. सोमवारी हे, बुधवारी हे, शुक्रवारी हे. तोच दांडा, तोच चौथरा, तीच वेळ, दर पंधरा दिवसांनी अडीच किलो जास्त. त्यांची एक मुलगी होती, माझ्याच वजनगटातली, लांब वेणीची. आम्ही एकमेकींना लहान स्पर्धांत भेटायचो. सुरुवातीला मी तिच्या पुढे होते. तिचा दांडा पुढे झुकायचा, पाय मागे उडायचे, आणि माझं काम असं की पंचही मान डोलवायचे. मग ती दर पंधरा दिवसांनी अडीच किलोनं वाढत गेली आणि मी ऐंशीवर अडकले.

सात महिने ऐंशी. माझं तंत्र बिघडलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण दांडा खांद्यावर नेमका येऊन बसायचा, आणि खालून उठताना मांड्या थरथरायच्या. मी एकोणीस वर्षांची होते, राज्याच्या संघाची निवड तीन महिन्यांवर आली होती. संघात प्रत्येक वजनगटातून एकच मुलगी जाणार होती. त्या वयात तीच माझी सगळी दुनिया होती.

एक दिवस मी आत्याला म्हटलं, "आत्या, मला एकच दांडा दे ना. तीन महिने. नुसत्या बैठका मारते खांद्यावर घेऊन. रोज त्याच, दर आठवड्याला थोड्या जड. पायात जोर नाही येत गं माझ्या."

तिनं हातातलं पारडं पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "एका दुकानाची सवय लागली ना बुटके, की दुसऱ्या दुकानात पाठ मोडते."

"पण मी पाठीचं बोलतच नाहीये! पायांचं बोलतेय!"

"पाय काय वेगळ्या बाईचे आहेत?"

मी चिडून चालती झाले. चार दिवस पाटीवाल्या सरांच्या दारापर्यंत जाऊन आले, आत गेले नाही. पाचव्या दिवशी परत मागच्या खोलीत. आत्यानं वाकड्या काढून ठेवला होता. मी हातांना पूड लावली आणि तो उचलला. मला आज वाटतं, मी तेव्हा भांडायला हवं होतं. चांगलं कडकडून भांडायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण तिचं मन मोडवेना.

निवडीच्या दिवशी सकाळी आधी आमची वजनं झाली. रांगेत मी उभी, बाजूला आत्या. पहिली मुलगी काट्यावर चढली आणि आत्या अस्वस्थ झाली. दुसरी चढली तशी ती पुढे जाऊन अधिकाऱ्याला म्हणाली, "तुमचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय. पहिली उतरली तरी शून्यावर आला नाही."

"बाई, तुम्ही मागे व्हा."

"मागची डावी कड अधांतरी आहे. फरशी बसकी आहे तिथे." आणि तो अडवायच्या आत ती खाली बसली, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दुमडला, काट्याखाली सरकवला. काटा दोनशे ग्रॅमनं उतरला. त्या अधिकाऱ्यानं आधीच्या दोघींना परत बोलावलं. वेणीवाली माझ्याहून सहाशे ग्रॅम भारी निघाली. हे सहाशे ग्रॅम महत्त्वाचे होते. नियम असा, की दोघींची बेरीज सारखी झाली तर हलकी जिंकते.

मग दिवाणखान्यासारखा मोठा हॉल, चारी बाजूंनी खुर्च्या, पॉलिश मारलेला नवा कोरा चौथरा आणि नवा कोरा दांडा, लचक्यासारखा झुलणारा. मी हात लावला आणि मनात म्हटलं, अरे, हा तर ओळखीचा आहे. वेणीवाली मात्र दांड्यावर आपल्या सवयीची खूण शोधत राहिली. पहिल्या प्रकारात दांडा एका झटक्यात डोक्यावर न्यायचा; त्यात तिचे तीनपैकी दोन प्रयत्न फुकट गेले. तिसऱ्यात तिनं पासष्ट किलो नुसत्या ताकदीवर वर फेकलं, वाकडं, लडखडत, पण वर. माझे तिन्ही बरोबर, साडेबासष्ट. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, तिचा आणखी एक प्रयत्न गेला, पण तीन प्रयत्नांत तिनं ऐंशी केले. मीही दोन प्रयत्नांत ऐंशी केले. म्हणजे मी अडीच किलो मागे, आणि माझा एक प्रयत्न शिल्लक. साडेब्याऐंशी उचलले की बेरीज सारखी, आणि मी हलकी.

आत्या जवळ आली. माझ्या हातांना खडूची पूड लावताना एवढंच म्हणाली, "हे दुसरं दुकान. बस."

मी उचलला. एवढा सुंदर दांडा मी आयुष्यात उचलला नाही. अंगाला चिकटून सरळ वर आला, मी खाली शिरले, तो खांद्यावर अलगद टेकला, जिथे हवा तिथेच, केसभरही इकडेतिकडे नाही. मी खाली, बैठकीत. आता फक्त उठायचं, पुढे डोक्यावर न्यायला मला कधीच अडचण नव्हती. मी अर्ध्यापर्यंत आले. तिथे मांड्या थांबल्या. मी ढकललं, दात आवळून ढकललं, डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि मी हळूहळू, अगदी नीटनेटकी, परत खाली गेले.

दांडा मी पुढे सोडून दिला. पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ नंतर आत्याला येऊन म्हणाले, "इतकं देखणं फसलेलं मी पाहिलं नाही." ते कौतुकानं म्हणाले होते. आत्यानं मान हलवली आणि माझी पिशवी उचलली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बुटके. ते अडीच किलो माझ्यामुळे गेले का?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या शर्टाच्या खिशातून अजून पुठ्ठ्याचे तुकडे डोकावत होते. तिचे हात मांडीवर होते, तळवे वर, काहीतरी तोलत असल्यासारखे.

"छे गं," मी म्हटलं. "रात्री झोप झाली नव्हती. माझेच पाय जड होते आज."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर मी स्पर्धा सोडल्या. परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि इस्पितळात लागले. स्पर्धा सोडल्यावर तीन-चार महिन्यांनी दुकानात गेले तर मागच्या खोलीत दोन नव्या मुली होत्या, आणि भिंतीवर पाटी. मी चाटच पडले. आत्यानं, माझ्या आत्यानं, पाटी लावली होती! कोपऱ्यात एक पाचवा दांडा होता, लाल रंग दिलेला, सरळ, साधा. त्याच्यावर फक्त बैठका. मंगळवार आणि शनिवार, तीच जागा, तीच वेळ, दर पंधरा दिवसांनी थोडं जास्त. बाकीचे दिवस जाड्या, लचक्या, वाकड्या, गुळगुळीत्या, खोळी आणि "आधी बोल, मग बघ". पायांना एकच दांडा, हातांना सगळे. त्या दोन मुलींपैकी एक पुढे संघात गेली. तिच्या नंतरची पण गेली.

त्या दिवशी मी पाटी पाहिली, आत्यानं मला पाटी पाहताना पाहिलं. ती म्हणाली, "चहा टाकू?" मी म्हटलं, "टाक."

माझं म्हणाल तर इस्पितळात माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणींच्या कमरा गेल्या. माणूस उचलणं सोपं नसतं. कुणी लठ्ठ, कुणी काटकुळं, कुणी घाबरून गळ्याला मिठी मारतं, कुणी अंग सोडून देतं, कुणाची एक बाजू लुळी. खाट भिंतीला टेकलेली, फरशी नुकतीच पुसलेली. माझ्या पाठीनं कधी हूं की चूं केलं नाही. नव्या मुली विचारायच्या, "सिस्टर, कुठे शिकलात?" मी सांगायची, काटेदुरुस्तीच्या दुकानात. त्यांना वाटायचं, मी टिंगल करतेय.

आत्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दोन्ही पारडी सारखी मिळेनात." मग आकडे चमकणारे काटे आले. त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं, बिघडले की फेकायचे. तिनं ते उघडून पाहिले, आत पाहिलं, परत बंद केले. "याला हलायचंच माहीत नाही," म्हणाली. दुकानात येणारी माणसं कमी झाली, मुली मात्र येत राहिल्या. एकाहत्तराव्या वर्षी ती स्टुलावरून पडली, तराजूचा हूक काढताना, आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पायांत परत बळ आलं नाही. मी तिला माझ्या घरी आणलं. येताना तिनं दुकानातून दोनच गोष्टी आणायला लावल्या. मखमलीची पेटी आणि खोळी. खोळी धुऊन, पुन्हा शिवून तिनं त्यांचे अभ्रे केले. जे होतं ते परत झालं, असं म्हणाली.

रोज सकाळी मी तिला खाटेवरून खुर्चीत ठेवायची. पहिल्या दिवशी मी हात घातला आणि तिला उचलून सरळ होतेय तोच तिचा आवाज कानाशी आला, "डावा पाय मागे राहिला."

"गप्प बस गं."

"राहिला तर राहिला म्हणायचं नाही?" आणि खुर्चीत टेकल्यावर, "किती?"

मला आधी समजलंच नाही. मग हसूच फुटलं. "एक्कावन्न."

इस्पितळात परवाच एक्कावन्न भरली होती. आत्या खूश. तेव्हापासून रोज सकाळी तेच. रोज उचलणंही वेगळं, कारण कधी ती उजवीकडे कललेली असायची, कधी पांघरुणात गुरफटलेली, कधी दुखतंय म्हणून ताठरलेली. आणि शेवटी, "किती?" एक्कावन्न. पन्नास. पन्नास. साडेएकोणपन्नास. आम्हा दोघींना त्यात पुन्हा मागच्या खोलीतलं ऊन दिसायचं, मला खात्री आहे. एकदा मी म्हटलं, "आत्या, चुकले तर घर झाडू का?" ती म्हणाली, "झाडच, कोपऱ्यात बघ किती आहे."

मग जेवण कमी झालं. सत्तेचाळीस झाले. सेहेचाळीस. माझ्या हातांना रोज कळत होतं, डॉक्टरांच्या आधी कळत होतं. पंचेचाळीसच्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "सेहेचाळीस." दुसऱ्या दिवशीही सेहेचाळीस. महिनाभर मी सेहेचाळीसच सांगत राहिले. आत्या मान हलवायची आणि खिडकीकडे बघायची.

एका सकाळी मी तिला उचललं. चादर पायात गुंतली होती, म्हणून तशीच चादरीसकट घेतली. हातात काही आलंच नाही, इतकी हलकी. तिनं विचारलं, "किती?"

"सेहेचाळीस."

तिनं माझा दंड धरला. "ठेवू नकोस," म्हणाली. "धरून ठेव. परत बोल."

"सेहेचाळीस, आत्या."

"माझं हाड मला कळतं," ती शांतपणे म्हणाली. "चाळीस-एक्केचाळीसच्या वर मी नाही. तू दोन किलोनं चुकलीस तर मी म्हटलं असतं, वय झालं हिचंही. पाच किलोनं तू चुकत नाहीस. म्हणजे खोटं बोलतेस."

तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलेलं होतं, मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"मग त्या दिवशी बसमध्येही खोटंच बोललीस?"

सव्वीस वर्षं झाली होती. मला वाटलं होतं, ती विसरली. मी खुळी. तिला चाळीस वर्षांपूर्वीच्या दुकानदाराच्या काट्यातला फरक आठवायचा.

"मी पाटी लावली ती अंदाजानं," ती म्हणाली. "मुली संघात गेल्या. पण त्या तशाही गेल्या असत्या का, मला काय ठाऊक? तुझ्याच पायांना ठाऊक. तू नाही म्हणालीस. इतकी वर्षं मी बिनशिक्क्याचा काटा चालवतेय, बुटके. आता तरी सांग."

मला रडू येत होतं आणि हात रिकामे नव्हते. "हो," मी म्हटलं. "ते अडीच किलो तुझ्यामुळे गेले. मी एक दांडा मागितला होता, तू दिला नाहीस. पायात जोर आला असता. मी उठले असते, आत्या. मी नक्की उठले असते."

तिनं मोठा श्वास सोडला. माझ्या हातांवर ती आणखी थोडी सैल झाली. माणूस अंग सोडतं तशी नाही, दुखणारी बाजू सोडून दुसऱ्या कुशीला वळतं तशी.

"पण आत्या, माझी पाठ, माझे हात, हे सगळं..."

"थांब," ती म्हणाली. "दुसरं पारडं लगेच नको भरूस. हे आधी स्थिर होऊ दे."

मी थांबले. खिडकीतून ऊन आलं होतं, ते आमच्या दोघींच्या पायांवर होतं. माझे हात थकले नव्हते. दिवसभर उभी राहू शकले असते.

"बरं," थोड्या वेळानं ती म्हणाली. आवाज एकदम नेहमीचा, दुकानातला. "आता बोल. किती?"

"एक्केचाळीस."

"चादरीसकट?"

"चादरीसकट," मी म्हटलं.